रानतुळशीचे तपासनीस

लघाटेकाकांच्या घरी कोणी पहिल्यांदा गेलं की त्याच्यापुढे आधी एक वाटी यायची. वाटीत हिरवी चटणी, शेजारी अर्धी पोळी. पाहुणा दोन घास खायचा आणि भोपाळच्या रीतीप्रमाणे मान डोलवून म्हणायचा, "वा, बहोत बढिया." मग काका खुर्ची पुढे ओढून विचारायचे, "ते राहू द्या. खोट काय आहे ते सांगा."

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी ही वाटी आमच्याकडेही आली. आम्ही म्हणजे मी आणि आई. माझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, तेव्हापासून आम्ही भोपाळचेच झालो. मी स्वतः टी. टी. नगरच्या एका सरकारी ऑफिसात कामाला आहे. पण आईची जीभ अजून नागपूर सोडायला तयार नाही. तिने चटणी चाखली आणि सरळ विचारलं, "बाकी ठीक आहे हो भाऊ, पण मिरची कुठं आहे हिच्यात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सामान अजून जिन्यात होतं आणि घरमालकाशी वाकडं घेऊन झालं होतं. काका मात्र एकदम खूश झाले. जिन्यावरूनच त्यांनी खाली बायकोला हाक मारली, "नलू, ऐकलंस का? वर कामाची माणसं आली आहेत."

काका मूळचे ग्वाल्हेरचे. बरखेड्याच्या मोठ्या सरकारी कारखान्यात त्यांनी उभा जन्म तपासणी विभागात काढला. तयार झालेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा, आणि कुठे केसाएवढी चीर दिसली तर त्यावर लाल रंगाचा पट्टा मारून बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम. लोक त्यांच्यावर चिडायचे, वरचे साहेब दबाव आणायचे, पण एकदा मारलेला पट्टा त्यांनी कधी पुसला नाही. ते म्हणायचे, "बनवणाऱ्याच्या हातून चूक होते, चालायचंच. पण वाईट माल पास करणारा जो असतो ना, तो जाणूनबुजून फसवतो." रिटायर झाल्यावर तपासायला लोखंड उरलं नाही, तेव्हा हा सगळा कडक कारभार रानतुळशीकडे वळला.

आमच्या कॉलनीच्या मागे, गोविंदपुऱ्याच्या बाजूला, नाल्याकाठी एक पडीक मैदान आहे. पावसाळा सुरू झाला की तिथे गुडघ्याएवढी रानतुळस उगवते. इकडे तिला बनतुलसी म्हणतात. देवघरातल्या तुळशीची ही रानातली बहीण. हिला कोणी वृंदावन बांधत नाही की दिवा लावत नाही, पण हिचा वास देवघरातलीपेक्षा चार पावलं पुढे. काका रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन तिथे जायचे. कोवळ्या पानांची चटणी व्हायची, जरा जून पानं बेसनात बुडवून त्यांची भजी व्हायची, बाफले, म्हणजे इकडचे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, त्यांच्याबरोबरच्या डाळीला वरून त्याच पानांची फोडणी पडायची. मंजिऱ्या वाळल्या की त्या झाडून काळं बी काढायचं, ते उन्हाळ्यात पाण्यात फुगवून सरबतात घालायचं. उरलेल्या काड्यांची संध्याकाळी अंगणात धुरी व्हायची, डासांसाठी. या झाडाचं त्या घरात काहीच वाया जात नसे.

अडचण एकच होती. त्याच मैदानात तिची एक तोतया राहते. तिला काका 'विलायती' म्हणायचे. कुठल्या तरी परदेशातून येऊन ती आता मध्य प्रदेशभर रस्त्याकडेला माजली आहे. मोठी झाली की ती ओळखू येते, केसाळ असते, बोंडं टोचतात. पण चटणीला पानं लागतात कोवळी, आणि कोवळेपणी दोघी अगदी शेजारी शेजारी, सारख्याच दिसतात. विष वगैरे काही नाही, पण चटणीत पडली तर तोंडात उग्र, औषधी दर्प भरतो आणि दुपारपर्यंत जात नाही.

म्हणून काका डोळ्यांवर भरवसा ठेवतच नसत. त्यांची पद्धत अशी: प्रत्येक रोपाचं एक पान खुडायचं, बोटांत चोळायचं, हुंगायचं. पास झालं तर त्या रोपाचे शेंडे पिशवीत. मग बोटं कोरड्या मातीत घासून आधीचा वास पुसायचा आणि पुढच्या रोपाकडे जायचं. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. चार-पाच रोपं झाल्यावर मी कंटाळून म्हटलं, "काका, ही सगळी एका जागची आहेत, एकसारखी दिसताहेत, घेऊन टाकू ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने मातीत बोटं घासली. "एक पाहून शंभर पास करायचे, हे साहेब लोकांचं काम," ते म्हणाले. "आपण एक-एक बघून घ्यायचं."

त्यांचं नाक हा कॉलनीत कौतुकाचा आणि थोडा धास्तीचा विषय होता. एकदा ते माझ्याबरोबर टी. टी. नगरच्या बाजारात आले. तिथे पन्नालालजींचं जडीबुटीचं दुकान आहे. काउंटरवर बनतुलसीच्या अर्काच्या बाटल्या मांडल्या होत्या. काकांनी विचारून एक उघडली, नाकाशी धरली, झाकण लावून परत ठेवली आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "भाईसाहब, ये वो नहीं है."

"क्या बात करते हैं, जंगल से आता है," पन्नालालजी म्हणाले.

"जंगल से ही आया है. पर दूसरी वाली है."

गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली. मला तर दुकानाबाहेर पळावंसं वाटत होतं. पन्नालालजी तापले, त्यांनी काकांना आव्हान दिलं, आणि पुढच्या रविवारी खरोखर स्कूटरवरून आमच्या मैदानात हजर झाले. काकांनी त्यांना दोन्ही पानं चोळून हुंगायला लावली, मध्ये माती घासायला लावली. मग घरी आणून चटणी खायला घातली आणि खोट विचारली. त्या बाटल्या काउंटरवरून गेल्या. पन्नालालजी मात्र त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी यायला लागले, ते आम्ही तिथे असेपर्यंत.

औषधाच्या बाबतीत काका आणखी कडक. पानं, आलं, चार मिरे आणि गुळाचा खडा उकळून केलेला त्यांचा काढा कॉलनीतल्या अर्ध्या घशांना ठाऊक होता. सर्दी झाली की लोक पेला घेऊन यायचे. पण काका आधी माणसाला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "खोका बघू." ते डोळे बारीक करून ऐकायचे. माझ्या आईला एकदा खोकला लागला, रानतुळशीची वाफ झाली, पानांचा रस मधातून झाला, तरी हटेना. मी काढा मागायला गेले तर काकांनी जिन्यात उभं राहून वरचा खोकला ऐकला आणि पेला रिकामाच परत दिला. "हा खोकला माझ्या पानांचा नाही, डॉक्टरचा आहे. आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलव." एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला. आई बरी होऊन आली, तेव्हा तिने काकांना नमस्कार केला. काका म्हणाले, "नमस्कार कशाला? मी तर तुम्हाला रिजेक्ट केलं होतं."

या सगळ्या कारभाराला घरातल्या घरात मात्र काडीची किंमत नव्हती. नलूकाकू उज्जैनच्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. बोलणं मोजकं आणि चेहरा पेपर तपासतानाचा. रानतुळशीला त्या 'तुमचं गवत' म्हणायच्या. गुडघे दुखतात म्हणून मैदानाकडे कधी फिरकल्या नाहीत, आमचा जिनाही कधी चढल्या नाहीत. काका रोज चटणी करून त्यांच्या पानात वाढायचे आणि विचारायचे, "खोट?" काकूंचं उत्तर तयार असे. मीठ पुढे गेलंय. दाणे जळलेत. लिंबू परवाचं आहे. काका मान हलवत ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढं सुधारायचे, तर काकूंना नवीन काहीतरी सापडायचं. आई म्हणायची, "एवढ्या वर्षांत या बाईच्या तोंडून एकदा तरी चांगलं निघालं असंल का?" मी एकदा काकांना तेच विचारलं. ते हसून म्हणाले, "निघालं तर मी घाबरून जाईन."

करोनाच्या दिवसांत दोघंही आजारी पडली. आई जिन्याच्या खालच्या पायरीवर जेवण ठेवायची, मी दारापाशी औषधं. काकू लवकर उठल्या, काकांना वेळ लागला. उठले ते बरेच वाळून, पण पहिल्याप्रमाणेच बोलायला लागले. सगळे त्यांना फोन करून विचारत, वास येतो ना? काका म्हणत, "आला, आला. एकदम फर्स्ट क्लास."

तो आला नव्हता. काकूंना हे एका सकाळी कळलं. त्या अंघोळीला गेल्या होत्या, गॅसवर दूध होतं, आणि काका स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसले होते. काकू बाहेर आल्या तेव्हा दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं, घरभर जळका वास कोंडला होता, आणि काका शांतपणे पान उलटत होते. काकूंनी गॅस बंद केला, पातेलं घासायला टाकलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. काकाही बोलले नाहीत. दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत त्या घरात राहत होती.

मग पाऊस झाला, मैदान हिरवं झालं, आणि काका पिशवी घेऊन निघाले. आम्ही वरच्या गॅलरीतून पाहत होतो. तोच सगळा विधी. पान खुडलं, चोळलं, हुंगलं, बोटं मातीत घासली. परत आले तेव्हा पिशवी भरलेली होती.

थोड्या वेळाने आमच्या जिन्यावर कोणीतरी थांबत थांबत चढण्याचा आवाज आला. नलूकाकू होत्या. कठडा धरून, घामाघूम होऊन वर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आज वाटी येईल. नावं ठेवू नका."

आई म्हणाली, "म्हंजे, खोटं बोलायचं?"

"हो. खोटं बोलायचं."

मग त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दुधाचं सांगितलं. "नोकरी सुटली तेव्हा त्यांना काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी उठायला हे गवत होतं ना. हे पण गेलं तर ते उठतील कशासाठी?" हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी हाच निरोप दिला. पन्नालालजींना फोन केला.

वाटी आली. मी घास तोंडात घातला आणि कळलं की पिशवीत निम्मी विलायतीच होती. तो दर्प नाकातून डोळ्यांत गेला. काका समोर बसले होते, खुर्ची पुढे ओढून. "खोट?" मी म्हटलं, "काही नाही काका, मस्त आहे." आईला मात्र एवढं धडधडीत खोटं बोलवेना. ती म्हणाली, "मिरची कमी आहे." काका हसले. पन्नालालजी रविवारी आले, दोन वेळा मागून घेतली आणि 'लाजवाब' म्हणाले. एवढं चांगलं नाटक कॉलनीच्या गणपतीतसुद्धा कधी झालं नव्हतं.

ते पाडलं काकूंनीच. पुढच्या सकाळी मी ऑफिसला निघाले तर काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. मला जागा द्यायला सरकले नाहीत. "सीमा," ते म्हणाले, "काल तुझी काकू चटणीला छान म्हणाली."

"मग चांगलंच झालं की, काका."

"मी विचारलं, खोट? तर म्हणाली, काही नाही, छान झाली आहे." त्यांनी आपली बोटं नाकाशी नेली आणि परत मांडीवर ठेवली. "विलायती होती का ग?"

मला पुन्हा नाटक जमलं नाही. मी हो म्हटलं.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"पन्नालालला पण?"

त्यालाही मी हो म्हटलं. मला वाटलं ते रागावतील. ते फक्त उठले, आत गेले आणि चटणीची बरणी आणून अंगणातल्या नळाखाली रिकामी केली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर पिशवी खुंटीला लटकत राहिली. सकाळी ते खुर्चीत बसून असायचे, पेपरही न उघडता. कोणी पेला घेऊन आलं तर म्हणायचे, "बाजारात मिळतो आता काढा." पाऊस पडत होता, मैदानातली पानं जून होत चालली होती आणि त्या घरातून वाटी निघत नव्हती. आईला करमेना. जिला ती इतके दिवस नावं ठेवत होती ती चटणी नसल्यामुळे तिचं जेवणच जात नव्हतं.

मग एक दिवस सकाळी खालून काकूंचा आवाज आला. "चला."

"कुठे?"

"तुमच्या गवतात. चटणी संपलीय घरातली."

आम्ही गॅलरीत धावलो. काकूंच्या पायांत त्यांच्या परगावी राहणाऱ्या मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट होते, एका हातात काठी आणि दुसऱ्यात पिशवी. काका म्हणाले, "नलू, माझ्याने नाही होणार आता. मला नाही येत वास."

"मला येतो ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही फक्त शिकवा. आणि काल मी छान म्हटलं ते खोटं होतं. चटणी घाण झाली होती. माझ्या तोंडून असली चटणी परत पास करवून घेऊ नका."

'काल' कसलं, त्याला कितीतरी दिवस झाले होते. पण काकूंच्या मनात तो अजून कालच होता. काका खुर्चीतून उठले.

काकू शिष्य म्हणून अगदी वाईट होत्या. पान दोन बोटांत धरून नुसतं लांबून हुंगायच्या, बोटं मातीत घासायला विसरायच्या, आणि काका चुकलं म्हणाले की "मला कळतंय" म्हणायच्या. पहिल्या दिवशी दोघं भांडत घरी आली. पिशवीत जेमतेम मूठभर पानं होती. पण वाटी आली, आणि आईने सगळी पुसून खाल्ली. काका खुर्ची पुढे ओढून बसले, काकू दारात काठीला टेकून उभ्या. "नाक हिचं, हात माझे," काका म्हणाले. "आता खोट सांगा. दोघांपैकी कोणाची तेही सांगा." आई म्हणाली, "मिरची दोघांची."

काकांचं नाक काही परत आलं नाही. डॉक्टर झाले, पन्नालालजींनी आणलेलं काय काय नाकात घालून झालं. ते त्याबद्दल हसून बोलायचे, पण मी एकदा त्यांना अंगणात एकटेच पान चोळून बराच वेळ नाकाशी धरून बसलेले पाहिलं. मी आवाज न करता जिना चढले.

गेल्या पावसाळ्यात आम्ही स्वतःचं घर घेतलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सामानाचा टेम्पो भरून झाल्यावर मी किल्ली द्यायला खाली गेले तर दाराला कडी. दोघं कुठे असणार हे सांगायला नको होतं. मी मैदानाकडे गेले.

रात्रीच्या पावसाने जमीन भिजलेली होती. काकू पुढे होत्या, एका हाताने काठी रोवून वाकलेल्या, आणि काका मागे पिशवी उघडून उभे. काकूंनी पान खुडलं, चोळलं, हुंगलं आणि टाकून दिलं. "ही नाही." पुढच्या रोपाला थोडा जास्त वेळ घेतला. मग मान हलवली. काकांनी शेंडे खुडून पिशवीत भरले, पण पुढे सरकले नाहीत.

"वास कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे."

"असं नाही. कसा आहे?"

काकू कपाळाला आठ्या घालून, फळ्यापुढे विद्यार्थी अडकावा तशा उभ्या राहिल्या. "आधी लवंग," त्या म्हणाल्या. "मग जरा वेळाने लिंबाची साल. ओली माती पण आहे, पण ती माझ्या बोटांची असेल. आणि शेवटी काहीतरी गोडसर, बडीशेपेसारखं. पण बडीशेप नाही."

"लवंग जास्त का लिंबू?"

"लवंग."

काका डोळे मिटून ऐकत होते. मी किल्ली हातात धरून तशीच थांबले, मला हाक मारवेना. काकू पुढच्या रोपापाशी गेल्या, बोटं मातीत घासली, पान चोळून हुंगलं आणि पिशवीकडे बोट केलं.

"हा कसा आहे?" काका म्हणाले.

"मघाच्यासारखाच."

"मग मघाचाच परत सांग."

काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग काठी चिखलात नीट रोवली, पान पुन्हा नाकाशी नेलं आणि लवंगेपासून सांगायला सुरुवात केली.